गादी पाठीवर, धोंडा बांधावर

पुणं सोडून सांगलीला नोकरी धरली तेव्हा आई म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस." त्यानंतरचे तीन महिने मी तोच धोंडा शोधत होते.

आधी माझा छंद सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी दगडांवर चढते. कडे नाहीत, किल्ले नाहीत, नुसते सुटे दगड. पुरुषभर उंच, फारतर दोन पुरुष. दोरी नाही, खिळे नाहीत. पायात दोन नंबर लहान बूट, घामेजलेली बोटं सुटू नयेत म्हणून कमरेला खडूच्या पुडीची पिशवी, आणि खाली पडायला घडीची जाड गादी. याला बोल्डरिंग म्हणतात. माझे वडील रिकामटेकडेपणा म्हणतात. पुण्यात दर रविवारी आम्ही चार-पाच रिकामटेकडे एकाच दगडाखाली अख्खा दिवस काढायचो. एखादा दगड चार महिने पाडत राहायचा आणि एके दिवशी वर घ्यायचा. त्या दिवशी मी जितकी खूश असायचे, तितकी पगारवाढीच्या दिवशीही कधी झाले नाही.

कुपवाड

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत पाण्याचे व्हॉल्व्ह करणारा एक कारखाना आहे, तिथं तपासणी विभागात मी रुजू झाले. काम चांगलं, माणसं चांगली, दुपारी डब्यातून हात बाहेर काढवत नाही असं जेवण. पण सांगली सपाट आहे. कृष्णेनं वर्षानुवर्षं गाळ आणून टाकलाय, त्यात ऊस उभा आहे, द्राक्षं लोंबतायत, हळद पिकतेय, आणि दगड म्हणून जे काही होतं ते शेतकऱ्यांनी केव्हाच वेचून बांधावर टाकलंय. त्यातला सगळ्यात मोठा मी पाहिला तो नारळाएवढा होता.

पहिले दोन आठवडे मी सुट्टी झाल्यावर कारखान्याच्या कंपाउंडच्या भिंतीला लोंबकळून भागवलं. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, पण बोटांना दोन्ही सारखंच लागतं. तिसऱ्या दिवशी वॉचमनकाका खाली येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून शांतपणे म्हणाले, "मॅडम, गेट उघडं हाय की."

पुण्यातल्या जुन्या कंपनीनं माझी जागा जानेवारीच्या अखेरीपर्यंत मोकळी ठेवली होती. मी मनाशी ठरवून टाकलं, तोवर चढण्याजोगा एक दगड सापडला तर राहायचं, नाहीतर सामान बांधायचं. दगडावरून कुणी नोकरी ठरवतं का, असं वाचणाऱ्याला वाटेल. पाण्यावरून, शाळेवरून, सासूवरून लोक गाव ठरवतात, मी दगडावरून ठरवत होते.

मी राहते त्या घराच्या मालकीणबाईंना सगळी गल्ली आक्का म्हणते. वय चौसष्ट, यजमान फौजेत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी तिकडं नागपूरला. आक्का खाली, मी वर. एकदा माझी गादी गच्चीवर वाळत होती ती त्यांनी दाबून पाहिली.

"लय टनक हाय गं. पाठीचं दुखनं हाय का तुला?"

मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"आनि वर गेल्यावर काय असतंय?"

"काही नाही."

"मग खाली येती?"

"हो."

"देवाला जाऊन आल्यागत हाय म्हनायचं," त्या म्हणाल्या, आणि पुढं निकाल देऊन टाकला. "पर बाईमानसानं एकटं रानात फिरायचं न्हाई. मी येती. माजे पै-पाव्हणे समद्या तालुक्यात हायत."

दंडोबाचा डोंगर

पहिल्या रविवारी स्कूटरवरून दंडोबाच्या डोंगराकडं निघालो. गाडी मी चालवणार, म्हणून गादी आक्कांच्या पाठीवर. नऊवारी, डोक्यावर पदर, त्यावर माझं हेल्मेट, आणि मागं दरवाजाएवढी निळी गादी. वारा आला की गादी आक्कांना घेऊन उजवीकडं निघायची आणि आक्का मला घेऊन. मिरजेच्या पुढं एका चौकात शेजारी उभ्या राहिलेल्या मोटारसायकलवाल्यानं आदबीनं विचारलं, "आक्का, लेक निघाली व्हय सासरला?" लग्नात मुलीबरोबर गादी देतात, त्यामुळे त्याचं चुकलं असं म्हणता येत नाही.

"न्हाई," आक्का म्हणाल्या. "दगडावर निघालीया."

डोंगराच्या पायथ्याशी आक्कांची चुलत नणंद राहते. माझा बेत असा की थंडीत दगड गार आहे तोवर आधी चढायचं आणि परतताना पाच मिनिटं त्यांच्याकडं डोकवायचं. हा बेत आक्कांना इतका अडाणीपणाचा वाटला की त्यांनी त्यावर बोलणंही टाळलं. ज्या गावात पाहुणा आहे, तिथं आधी त्याचा उंबरा. चहा, मग पोहे, मग पोह्यांवर पुन्हा चहा, मग कोण आजारी आहे आणि कुणाचं जमलंय, आणि मग माझं का जमलेलं नाही. पुण्यात आम्ही कुणाकडं जायचं तर आधी फोन करतो. मी आक्कांना तसं सुचवलं तर त्या म्हणाल्या, "फोन करून गेलं तर काळजीत पडत्यात. म्हनत्यात, काय झालं म्हून फोन केला."

दगडाशी पोचायला साडेअकरा झाले. पण दगड पाहिला आणि मी भरून पावले. काळाभोर, दीड पुरुष उंच, समोरून थोडा अंगावर आलेला, बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या. मी गादी उलगडली, बूट चढवले, खडू लावला, आणि उतरायची वाट बघून ठेवावी म्हणून मागं गेले. मागं शेंदूर होता. दोन चांदीचे डोळे होते. ताजं जास्वंदीचं फूल होतं.

मी तशीच बुटांसकट मागं सरकले. आक्कांनी आधी दगडाला हात जोडले, मग माझ्याकडं वळल्या.

"चांगला दगड दिसला की मानूस हात जोडतंय," त्या म्हणाल्या. "तू पाय ठिवाय निघालीस."

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. या भागात माझ्या आधीही लोकांनी दगड पारखलेत आणि त्यांची निवड माझ्यासारखीच आहे. त्यानंतरच्या दोन रविवारी आम्ही पाहिलेले पाच उत्तम दगड, पाचही शेंदराचे निघाले.

परतताना मी सहज विचारलं, "आक्का, तुमचं माहेर कुठलं हो?"

"हाय की तिकडं," आक्का म्हणाल्या. त्यांचा हात हलला तो अर्ध्या जिल्ह्यावरून फिरला. "गाडी बग फुडं, खड्डा हाय."

पाटण

देवांनी जागा घेतल्या तर नदीकडं जावं, असं मी ठरवलं. कोयनेच्या पात्रात मोठाले दगड आहेत हे मला नकाशावरून दिसत होतं, आणि पाटणच्या पुढं एका गावात आक्कांची सख्खी नणंद आहे हे आक्कांना नकाशाशिवाय ठाऊक होतं. एसटीत कंडक्टरनं गादीकडं पाहून विचारलं, "ही बसनार का झोपनार?" शेवटी ती ड्रायव्हरच्या मागं उभी राहिली आणि तिला टेकून दोन आजोबा कराडपर्यंत झोपले.

नणंदेकडं नाचणीची भाकरी, वरण्याच्या दाण्यांची आमटी आणि वर तांदळाचा भात. आमच्याकडं आमटी तोंडी लावायला वाटीत देतात. इथं ताटात भाकरी कुस्करून त्यावर इतकी ओतली की भाकरी शोधावी लागली. दुसऱ्यांदा वाढू नका म्हटलं की तिसऱ्यांदा वाढतात. इतकं जेवल्यावर माणूस दगडावर चढत नाही, दगड होतो. तरी मी नदीवर गेले.

दगड होते. एकापेक्षा एक. पण कोयनेनं ते इतके घासलेत की त्यांच्यावर माशीसुद्धा जपून बसत असेल. मी एक त्यातल्या त्यात खरखरीत निवडला आणि लागले. चार वेळा घसरले. पाचव्या खेपेला वळून बघते तर तीन बायका धुण्याच्या पाट्या कमरेवर घेऊन रांगेत उभ्या.

"हुतंय का तुमचं?" पहिलीनं विचारलं.

"हा तुमचा दगड आहे का?"

"माज्या सासूचा हुता. आता माजा."

चौकशी केली तेव्हा समजलं की त्या घाटावर एकही दगड बेवारशी नाही. हा पाटलीणबाईंचा, तो त्यांच्या जावेचा, पलीकडला उतरता होता तो नव्यानं लग्न होऊन आलेल्या सुनेचा, कारण नव्या सुनेला चांगला दगड कोण देणार. दगड सासूकडून सुनेकडं येतो आणि सासू असेतो तो सासूचाच असतो. मी माफी मागून खाली उतरायला गेले आणि उतरण्याऐवजी सरळ पाण्यात बसले. कमरेची पिशवी उपडी झाली. खडूचा पांढरा पट्टा प्रवाहाबरोबर खाली निघाला. खालच्या अंगाला धुणं धूत बसलेल्या बाईंनी तो पाहिला असावा, कारण तिकडून हाक आली, "वर साबन कुनाचा गं? फेसच येत न्हाई त्याला."

सासूच्या दगडाची मालकीण मला हात देऊन बाहेर काढताना म्हणाली, "पुसून जावा हां. धुनं पांढरं हुईल." मी पुसला. निथळत परतले तर आक्का नणंदेबरोबर ओट्यावर बसल्या होत्या आणि नणंद विचारत होती, "वयनी, भाऊबीजंला माहेरी गेलतासा का औंदा?" आक्कांनी मला पाहिलं आणि त्या घाईनं उठल्या. मी ओली नसते तरी त्या तशाच उठल्या असत्या, असं मला तेव्हाच वाटलं.

खंडाळा

जानेवारीचा शेवटचा शनिवार उरला होता. पुण्याला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात आक्कांची पुतणी दिलेली आहे, तिच्या यजमानांनी सांगितलं, "आमच्या गावात लय मोठा दगड हाय, परगावचे लोक येत्यात बघायला." मी हातापायाची नखं कापून तयार होऊन गेले.

दगड मारुतीच्या देवळासमोर होता. गुळगुळीत, गोल, आणि माझ्या गुडघ्याएवढा. तो उचलायचा दगड होता. तालमीतली पोरं पिढ्यान्पिढ्या तो छातीला लावतात आणि खांद्यावरून मागं टाकतात. कट्ट्यावर तालमीचे वस्ताद बसले होते. सत्तरीचे, कुस्त्या खेळून कान चिंबलेले, आवाज मऊ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी दगड जागचा हालत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"तुमीच त्याच्यावर जाता."

"हो."

"मग त्यात दगडाची काय मेहनत?"

कुस्तीच्या गावात जोडीतल्या दोघांनी मिळून घाम गाळायचा असतो, हे मला नंतर उमगलं. वस्तादांनी माझी बोटं मात्र पारखून पाहिली, एकेक पेर दाबलं, आणि पुतणीच्या यजमानांना म्हणाले, "पकड हाय पोरीला. वाया चाललीया." मग त्यांनी मला तो दगड उचलून बघायला लावला. मी तो जमिनीपासून वीतभर उचलला आणि माझ्याच पावलाच्या शेजारी, दोन बोटं अंतरावर, खाली सोडला. आईचे शब्द खरे व्हायला दोन बोटं कमी पडली.

परतीला आम्ही हायवेवर उभ्या होतो. समोरच्या बाजूला पुण्याच्या गाड्या थांबत होत्या. घाट उतरला की पुणं. माझे रिकामटेकडे तिथं, ओळखीचे दगड तिथं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते धुळीमुळे नव्हतं.

"आक्का," मी म्हणाले, "मी परत जाईन म्हणते. सोमवारी कळवते त्यांना."

गाडी आली, आम्ही बसलो. सातारा गेलं, उंब्रज गेलं. आक्का गादीचा पट्टा बोटाला गुंडाळत आणि सोडत होत्या. कराडच्या अलीकडं त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "एक दगड हाय."

"शेंदराचा?"

"न्हाई."

"धुण्याचा?"

"न्हाई गं. उद्या जाऊ." आणि थोड्या वेळानं, "माज्या म्हायारात हाय."

आक्कांचं माहेर

गावाचं नाव सांगणार नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांची हद्द जिथं उसातून जाते तिथं कुठंतरी ते आहे, एवढं पुरे. मोजणी खात्यातलं कुणी हे वाचत असेल तर उगाच घोळ नको.

आश्चर्य म्हणजे त्या रविवारी आम्ही कुणाच्याच उंबऱ्याला गेलो नाही. आक्कांनी स्कूटर गावाबाहेरच ठेवायला लावली आणि कॅनॉलच्या कडेनं, उसाच्या आडून, मला जवळजवळ पळवत नेलं. गादी आता माझ्या पाठीवर होती. वाटेत त्यांनी तुकड्यातुकड्यानं सांगितलं. दोघे धाकटे भाऊ. थोरला शामराव, धाकटा तानाजी, तोही फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली आणि बांधावरून बोलणं तुटलं. बांधावर जांभळीचं झाड होतं, ते कुणाचं यावरून तंटा झाला म्हणून ते तोडलं. दगडही बांधावरच आहे. तो तोडता आला नाही म्हणून राहिला. आक्का एकाच्या घरी चहा प्यायल्या तर दुसरा वर्षभर फोन उचलत नाही, म्हणून सहा वर्षं त्या इकडं फिरकल्याच नव्हत्या.

मग उसाच्या मोकळ्या चिरेत तो दिसला. दोन पुरुष उंच, निबर काळा, उत्तरेकडं तोंड, त्यामुळे दुपारीही गार. खाली छातीपर्यंत एक भेग, वर गोलसर कडा, आणि मधे काहीही नाही. शेंदूर नाही, साबण नाही. मी नुसता त्याच्यावर तळवा ठेवून उभी राहिले.

"मी पलीकडं सावलीला बसती," आक्का म्हणाल्या. "लवकर आटप. कुनी बगायच्या आत जाऊ."

मी कामाला लागले. आमची पद्धत अशी, की जिथं हात-पाय ठेवायचे तिथं खडूनं छोट्या पांढऱ्या रेघा मारून ठेवायच्या, म्हणजे वर गेल्यावर शोधावं लागत नाही. मी खालपासून हात पोचेल तिथवर सात-आठ रेघा ओढल्या, मागं सरून हाताच्या बोटांनी अंतरं मोजली, एक डोळा मिटून कडेचा कोन पाहिला. शेजारच्या रानात एक बाई वैरण कापत होती. ती माझ्याकडं बघत होती, मग ती नव्हती.

पाऊण तासानं दोन्ही बाजूंनी ऊस खसखसला. उजवीकडून टोपीवाले, हातात खुरपं घेतलेले शामराव. डावीकडून फौजी जर्सीतले तानाजीराव, आणि त्यांचा खणखणीत आवाज, "कौन है उधर?"

दोघेही आपापल्या तारेपाशी थांबले. तारेची कुंपणं दगडापासून दोन हात अलीकडं संपली होती, मधल्या तेवढ्या जागेत मी आणि गादी.

"बाई," शामराव मला म्हणाले, "त्या मानसाला सांगा, चोरून मोजनी आनायची आमच्यात रीत न्हाई."

मी 'त्या माणसा'कडं पाहिलं. तो चार हातांवर होता आणि त्याला सगळं ऐकू आलं होतं.

"त्यास्नी सांगा," तानाजीराव मला म्हणाले, "मोजनी आमी आनलेली न्हाई. त्यांनीच आनलीया आनि नाव आमचं. आनि मोजनीला आधी नोटीस लागती."

"मी मोजणीची नाही," मी दोघांनाही सांगितलं.

"मग ह्या खुना कसल्या?"

"हात ठेवायच्या."

"आनि ही गादी?"

"पडायला."

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही चुकून. लगेच नजरा वळवल्या.

"गादी आमच्या हद्दीत चार बोटं जास्ती आलीया," तानाजीराव म्हणाले. मी गादी सरकवली. शामरावांनी घसा खाकरला. मी पुन्हा सरकवली. शेवटी गादीच्या मधोमध घडीची शिवण आहे ती मी बांधाच्या रेषेवर नेमकी आणली, तेव्हा दोन्हीकडून हरकत थांबली. व्हॉल्व्ह तपासतानाही मी इतकं नेमकं काम कधी केलेलं नाही.

"शाम्या. तान्या."

दगडामागून आक्का पुढं आल्या. साठीला टेकलेले दोन पुरुष शाळेतल्या पोरांसारखे ताठ उभे राहिले.

"आक्का, तू कवा आलीस?" शामराव म्हणाले. "आनि घरी न येता हितं?"

"कुनाच्या घरी येऊ?" आक्का म्हणाल्या. "तुज्याकडं आली तर ह्यो रुसतोय. ह्याच्याकडं गेली तर तू. सा भाऊबीजा झाल्या, मी ताट करती आनि तसंच उतरून ठिवती. ही पोरगी दगडासाठी जीव टाकतीया म्हून आली. न्हाईतर मरस्तोवर आली नसती."

मला फार वाईट वाटलं, आणि लाजही. तीन महिने या बाईंना मी तालुक्या-तालुक्यांत पाहुण्यांच्या दारी फिरवलं होतं, आणि ज्या दारी त्यांना जायचं होतं ते एवढंच, दोन तासांवर होतं. भाऊ जमिनीकडं बघत उभे राहिले. कुणालाच काय करावं कळेना, तेव्हा शामराव मला म्हणाले, "चढा की मग. थांबला कशाला."

मी चढले आणि पडले. भेगेपर्यंत सरळ जायचे, उजवा पाय वर घ्यायचे, कडेला हात टाकायचे आणि हात गोलसर दगडावरून घसरायचा. दुसऱ्यांदा पडले. तिसऱ्यांदा पडले.

"बाईंना सांगा, उजव्या कडंनं जावं," तानाजीराव हवेत म्हणाले.

"डाव्या," शामराव दुसऱ्या हवेत म्हणाले.

"तुमी दोघं गप ऱ्हावा," आक्का म्हणाल्या. "तुमी कवा चढला हुता ह्याच्यावर? दोघंबी खाली सदरे पसरून हुबं असायचा. जांबळाची फांदी वर हुती, मी चढायची आनि हलवायची. ह्याच्याकडं दोन जास्ती पडली की त्यो रडायचा. मग मी दोन्ही हातांनी एकदम टाकायची, सारकी सारकी." मग माझ्याकडं वळून, आवाज खाली आणून, "कडंवर हात टाकू नगंस. डावा हात कडंच्या पलीकडं घाल. बोटं जातील एवढी खाच हाय. दिसत न्हाई. बगायचं न्हाई, नुसता हात घालायचा."

चौथ्यांदा मी भेग सोडली, न बघता डावा हात कडेपलीकडं घातला, आणि चार बोटं एका थंड, खोल खाचेत जाऊन बसली. पन्नास वर्षांपूर्वी एका परकरी पोरीची बोटं जिथं बसायची, तिथंच. मी वर गेले. वर बसून मी ढसाढसा रडले, हे कबूल करते.

वरून बांध दिसत नाही, सगळा ऊस एकच दिसतो, असं लिहायला मला आवडलं असतं. पण बांध दिसतो. चांगला ठळक दिसतो, दोन्ही बाजूंच्या तारांसकट.

खाली बघते तर आक्का पदर कमरेला खोचत होत्या.

"आक्का, नको," मी वरून म्हणाले. "पडाल."

"गादी हाय की."

"नुसती गादी पुरत नाही. खाली दोघांनी हात वर करून उभं राहावं लागतं. पडणाऱ्याला गादीवर ढकलायला."

आक्कांनी भेगेत पाय घातला होता. भावांना विचार करायला वेळ मिळाला नाही. शामराव उजवीकडून गादीवर आले, तानाजीराव डावीकडून. खांद्याला खांदा लागला, पण पाय मात्र दोघांनी शिवणीच्या आपापल्या बाजूला ठेवले. चार हात वर झाले. आक्का एक पाऊल चढल्या, दुसरं चढल्या, आणि त्यांनी न बघता डावा हात कडेपलीकडं घातला. बोटं खाचेत गेली. मी वरून त्यांचा चेहरा पाहत होते. त्या नुसत्या हसल्या.

"हाय," त्या म्हणाल्या. "आजून हाय." मग खाली न बघता, "शाम्या, धर नीट. तान्या, तूबी." आणि हात सोडला.

दोघांनी धरलं. तिघंही गादीवर बसली, बांधाच्या बरोबर मधे, आणि बराच वेळ उठली नाहीत.

चहाचा प्रश्न होताच. तो गादीवरच सुटला. दोन्ही घरांतून दोन किटल्या आल्या आणि आक्कांनी दोन्हींतला अर्धा-अर्धा कप एकात ओतून घेतला. कप रिकामा करून त्यांनी मला विचारलं, "मग? खोली सोडनार का?"

"नाही," मी म्हणाले. "उद्या पुण्याला 'नाही' म्हणून कळवते."

उन्हं कलली तशी मी ब्रश काढला. आमच्यात रीत आहे की जाताना आपल्या खुणा पुसायच्या, दगड होता तसा ठेवायचा. मी खालची पहिली रेघ पुसणार तोच तानाजीराव म्हणाले, "पुसू नका. आक्काला फुडल्या खेपंला लागतील."

शामराव त्या पांढऱ्या रेघांकडं बघत उभे होते. मग माझ्याकडं न बघता, मला काहीही सांगायला न लावता, ते म्हणाले, "ते पावसात जातंय रं, तान्या. घरात चुना हाय का?"